पंचमीचं वाटण आणि आत्याचे डोळे

तपासणीला आलेलं माणूस फार तर अर्धा तास थांबतं, पण मागे ठेवून गेलेले किस्से वर्षभर पुरतात. आमच्या खानावळीचे तर इतके साठलेत की पुण्याला कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणी आधीच विचारतात, "आज कुठला?" मी सांगते. समोर कॅन्टीनचं ताट असतं. सगळं ताजं, झाकलेलं, तपासलेलं. ते तपासणं हीच माझी नोकरी! आणि पहिला घास घेतला की मला रत्नागिरीचं बांगड्याचं कालवण असं आठवतं की किस्सा अर्धाच राहतो.

खानावळ अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. शेगडीपुढे त्यांची थोरली बहीण, आमची आत्या. लोक यायचे ते आत्याच्या हातासाठी. मी फूड टेक्नॉलॉजी शिकून घरी आले आणि त्याच महिन्यात तपासणीच्या मॅडम सुधारणा नोटीस देऊन गेल्या. दिलेल्या मुदतीत यादीतलं सगळं करा, नाहीतर परवाना स्थगित!

अण्णा म्हणाले, "आपल्याकडे जेवून आजवर कोण मेलाय का?"

"मेलेला माणूस तक्रार करायला येत नाही, अण्णा!" मी म्हटलं आणि यादी ताब्यात घेतली.

*

पहिला मुद्दा लेबलांचा. फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर तयार केल्याचा दिवस लिहायचा. अण्णांना पेन दिलं, चिकटपट्टी दिली, दोनदा समजावलं. काम झालं का बघायला मॅडम मध्येच एकदा आल्या. त्यांनी फ्रीज उघडला. खोबऱ्याच्या वाटणाच्या डब्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'वद्य पंचमी'.

माझं डोकंच फिरलं. अण्णा मात्र शांत. "मॅडम, संकष्टीला, एकादशीला गिऱ्हाईक मासे खात नाही. आमचा धंदा तिथीवर चालतो. पंचमीचं वाटण, आज षष्ठी. म्हणजे कालचं. सोपं आहे!"

मॅडमही वस्ताद. म्हणाल्या, "आणि मध्ये एखाद्या तिथीचा क्षय आला तर?"

अण्णांनी खरोखर विचार केला. "क्षय आला की फ्रीजच रिकामा करतो!"

*

मग टोप्या. आत्याला केस झाकायची टोपी घालायला मला आठ दिवस भांडावं लागलं. शेवटी घातली, पण अंबाड्यावर अबोलीचा गजरा तसाच. टोपी मागून फुग्यासारखी वर आलेली.

"आत्या, गजरा काढ! फूल पडेल कालवणात!"

"कसं पडेल गो? टोपी कशाला घातलीय मग?"

*

विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट हवा होता. लॅबची बाटली भरून आणायचं काम अण्णांनी आपणहून मागून घेतलं. मला आनंद झाला. म्हटलं, सुधारतोय माणूस!

रिपोर्ट आला. 'पिण्यास अयोग्य.' मी हादरले. अण्णा खाली मान घालून बसले होते.

"आपलं पाणी नाय ते," ते हळूच म्हणाले. "सावंतांच्या विहिरीचं भरलं. त्यांचं पाणी गोड लागतं ना, म्हटलं, पास होईल."

सावंत आमचे शेजारी. मी ओरडायला तोंड उघडलं, तर अण्णाच काळजीने म्हणाले, "आता त्यांना सांगायचं कसं?"

*

यादीतला शेवटचा मुद्दा होता मेडिकल. शेगडीपुढे उभं राहणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरांचा दाखला हवा. आत्या नटूनथटून आली. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली.

"चष्मा घरी राहिला."

आत्याला चष्मा नव्हताच! डॉक्टरांनी हात वर केला. "बरं, ही बोटं किती?"

"तुमचीच बोटं, तुम्हालाच ठाऊक नाय?"

मी हसले. डॉक्टर हसले नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. ऑपरेशन होईपर्यंत विस्तवापाशी उभं राहायचं नाही. दाखल्यावर सही नाही.

मग इतकी वर्षं ही बाई स्वयंपाक करत होती कशी? घरी येताना रिक्षात मला तेवढंच सुचत होतं. आत्या बाहेर बघत म्हणाली, "तुझी यादी झाली ना पुरी?"

*

आपल्या विहिरीचं पाणी मी स्वतः भरून पाठवलं, ते पास झालं. शेगडीपुढे आम्ही दुसरी बाई ठेवली. मॅडम पुन्हा आल्या आणि यादीतल्या एकूण एक मुद्द्यावर त्यांनी बरोबरची खूण केली. मी तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावला.

त्याच दुपारी कदम गुरुजी जेवायला आले. ते आमचं रोजचं गिऱ्हाईक. त्यांनी कालवणाचा भुरका मारला, जरा थांबले, वाटी हळूच बाजूला सरकवली.

"कसं झालंय, गुरुजी?"

गुरुजी सज्जन माणूस. म्हणाले, "स्वच्छ आहे हो!"

*

दोन्ही ऑपरेशनं झाली. दाखला मिळाला. आत्या परत यायची मी परीक्षेच्या निकालासारखी वाट बघत होते. कारण आता घरी आम्हीही त्या बाईंचंच कालवण जेवत होतो, आणि अण्णा अर्ध्या भातावरच हात धुवून उठत होते.

आत्या आली. दारातच थबकली. अण्णांकडे बघत राहिली.

"तुझे केस कधी रे पांढरे झाले?"

अण्णांनी पटकन टोपी घातली. महिनाभर मी सांगत होते तेव्हा कधी घातली नव्हती!

*

पण हात गेला होता. आत्या आता पातेल्यात बघायची. रंग फिका वाटला की आणखी तिखट. रस पातळ दिसला की आणखी वाटण. मीठ तळहातावर घेऊन निरखायची, अर्धं परत टाकायची, पुन्हा उचलायची. गुरुजींची वाटी अजून अर्धीच राहत होती. एकदा ती मला म्हणाली, "ठेव त्या बाईला कायमची. माझ्याच्यानं नाय होणार." यादी पुरी करायचा हट्ट माझाच होता.

नोकरीसाठी मी निघायच्या आदल्या दिवशी, ऐन जेवणाच्या वेळेला, मी कालवणाची वाटी न्यायला आत गेले. आत्या शेगडीपुढे उभी. टोपी नीट, गजरा काढून ठेवलेला. पातेलं रटरटत होतं. एका मुठीत मीठ, दुसरीत कोकमाची सोलं, आणि डोळे गच्च मिटलेले.

मी घाबरले. "आत्या, डोळे दुखतायत का गो?"

"गप ऱ्हा जरा," ती म्हणाली. "ऐकू दे."