कंदीलवाली

पडद्याच्या कापडाला धुळीचा वास यायचा, आणि वारा सुटला की त्यावरचे चेहरे पोटात कळ आल्यासारखे वाकडे व्हायचे. भिलाईत तेव्हा कारखान्याची चिमणी अर्धीच उभी होती. मैदानात सिनेमा लागला की साहेबलोक समोर खुर्च्यांवर बसत, आम्ही मजूर पडद्याच्या मागे, मातीत. मागून चित्र तेच दिसतं, फक्त उलटं. माझी बायको कौशी कितीतरी दिवस समजत होती की सिनेम्यातली माणसं डाव्या हातानंच जेवतात.

त्या संध्याकाळी भुतांचा सिनेमा होता, एकातच चार गोष्टी. चारही गोष्टींत हवेली, चारही भुतं गोरी, दागिन्यांनी मढलेली. आमच्यासारखी बाई एकच, कंदील घेऊन जिना चढणारी मोलकरीण. ती पहिल्याच गोष्टीत मेली. तिच्यासाठी कोणी रडलं नाही, आणि तिचं भूतही झालं नाही.

घरी येताना कौशी म्हणाली, "अवो, भूत व्हाले बी हवेली लागते काय?"

मी म्हणालो, "तुले कायले पायजे हवेली? तू तं जितेपणीच मानगुटीवर बसली आहेस."

"मंग मेल्यावर सोडीन काय? डाव्या हातानं भाकर वाढीन, वळखजा."

आमच्या कॅम्पात भुतांची काय कमी होती? तेलुगू माणूस आपल्या विहिरीतली सांगायचा, ओडिया माणूस ताडावरचं, कौशी आमच्या भंडाऱ्याकडच्या तळ्यातली. गाव सोडताना लोकांनी भांडी मागे ठेवली, पण आपापली भुतं सोबत आणली. सिनेम्यात त्यातलं एकही नव्हतं. कारखान्यातल्या ज्या भट्टीच्या पायासाठी खणलेली माती कौशीनं घमेल्यानं डोक्यावर वाहिली, त्या भट्टीवर तरी तिचं नाव कुठे आहे?

मागच्या महिन्यात ती तापानं गेली. आमच्यात माणूस गेलं की त्या जागी पीठ पसरून वर टोपली झाकतात, आणि सकाळी पाऊल उमटलं का ते पाहतात. मी पसरलं. सकाळी शेजारची फूलबाई दारात आली. ती इकडच्याच गावची, कौशीसोबत घमेली उचलायची.

"कुछ आया क्या, बाबा?"

"नाही आलं."

"रास्ता ढूँढ रही होगी."

कोणता रस्ता? गावातलं घर पडलं. इथली झोपडी बांबूची, तीही आता पाडणार म्हणतात. मेलेलं माणूस घराकडे येतं असं सगळेच सांगतात, पण घर कोणतं ते मलाच ठाऊक नाही, तर तिला कोण सांगणार? टोपली उचलली तेव्हा पीठ सारखंच होतं, जसं मी माझ्या हातानं थापलं होतं तसंच. लोक भुताला भितात म्हणे. मी तिच्या न येण्याला भितो.

काल तोच सिनेमा पुन्हा लागला. चिमणी आता पूर्ण झाली आहे आणि मागे बसणारेही आता कमी झाले आहेत. मी जुन्या जागी, मातीत बसलो. कंदीलवाली डाव्या हातात कंदील धरून जिना चढली आणि मेली. हवेलीतल्या बायका भुतं होऊन एकेक करून परत आल्या. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, त्या रिकाम्या जिन्याकडे पाहत राहिलो. सिनेमा संपला, लोक उठले, दोन माणसांनी पडद्याच्या दोऱ्या सोडल्या.

"चलो बाबा, खतम हो गया," त्यातला एक म्हणाला.

मी म्हणालो, "एक बाई यायची आहे अजून."

त्यानं कापड घडी करून खांद्यावर टाकलं.