अण्णाकाकांचा हात आणि आमची नाकं

गाडी बघायला गेल्यावर लोक आधी बॉनेट उघडतात, टायरला लाथ मारतात, हॉर्न वाजवून बघतात. आमचे अण्णाकाका सरळ मागचं दार उघडायचे, सदऱ्याची बाही वर सारायचे आणि मागच्या सीटखाली कोपरापर्यंत हात खुपसायचे. आत बराच वेळ चाचपायचे. मग तो हात बाहेर काढायचे, त्याला काय काय चिकटलेलं असायचं ते सांगतेच पुढे, आणि आमच्यातल्या एकेकाच्या नाकासमोर धरायचे. "घे वास. काय येतो सांग." स्वतः कधी घ्यायचे नाहीत. आम्हालाच द्यायचे.

अण्णाकाका सांगायचे तर हातापासूनच सुरुवात करावी लागते, दुसरा मार्गच नाही.

अण्णाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मूळचे निफाडकडचे, राहायला आमच्यात, पंचवटीत. तीन खोल्या आणि आम्ही सहा जण: काका, शांताकाकू, आई, बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ नंदू. काका पिंपळगावला कांद्याच्या अडतीवर होते. रोज सकाळी एसटीनं जायचे, संध्याकाळी यायचे, आणि आले की त्यांच्याआधी त्यांचा वास घरात यायचा. कांदा, घाम, पोत्याची धूळ आणि या सगळ्यावर तपकीर. तपकिरीचा तो रुमाल मी आयुष्यात विसरणार नाही. तो मूळचा पांढरा होता असं आई सांगायची, आम्ही कधी बघितला नाही. काका चिमूट भरायचे, दोन सणसणीत शिंका द्यायचे आणि बोटं धोतराला पुसायचे. नंदू त्यांच्या शेजारी जेवायला बसायचाच नाही.

पण अडतीवर त्यांचा मान होता. ढिगावर हात ठेवून सांगायचे, हा माल आठ दिवस टिकेल, हा उद्याच काढा. कोणी शेतकरी वरवर छान कांदा लावून पोतं घेऊन आला की काका पोत्यात खांद्यापर्यंत हात घालायचे, तळाचा कांदा वर काढायचे आणि हाताखालच्या माणसाच्या नाकाशी धरायचे. "वरचा कांदा समद्यांचाच चांगला राहतो," म्हणायचे, "तळाचा कसा हे ते बघ." आणि दुसरं एक ठरलेलं वाक्य होतं. "डोळा फसतो, बोट फसतं. नाक नाय फसत." लोकांना वाटायचं, काका हाताखालच्यांना शिकवताहेत.

आता गाडी कशाला हवी होती, तर शांताकाकूसाठी. काकूला गाडी लागायची. म्हणजे थोडीबहुत नाही. एसटीत पाय ठेवला की संपलं. डिझेलचा वास, रेक्झिनचा वास, कुणीतरी आधीच खिडकीतून ओकून ठेवलेलं असायचं त्याचा वास. काकूचं माहेर सुरगाण्याकडे, डोंगरात. तिचे वडील तिथल्या शाळेवर मास्तर म्हणून गेले आणि तिथलेच झाले. ते गेले, आई उरली. शेवटचं काकू निघाली होती तेव्हा दिंडोरीलाच उतरावं लागलं आणि परत आणून चार दिवस सलाइनवर ठेवावं लागलं. त्यानंतर नऊ वर्षं माहेर नाही. जीपनं नेऊन बघितलं, तिथेही तेच. आणि त्या वर्षी निरोप आला की म्हातारी अंथरुणाला खिळलीय, शांताला एकदा दाखवा.

त्याच सुमाराला पेट्रोल भडकलं आणि जुन्या मोठमोठ्या विलायती गाड्या लोक काढून टाकायला लागले, त्यांना खायला घालणार कोण. नव्या गाडीला तर नंबर लावून वर्षानुवर्षं बसा. काकांनी पूर्वी अडतीचा ट्रक चालवलेला. एक दिवस जेवताना म्हणाले, "जुनी का होईना, गाडी घेऊ. साही जनं बसली पाहिजेत आन् शांताला उलटी नाय झाली पाहिजे. बाकी इंजिन-बिंजिन मी बघतो."

बाबा म्हणाले, "अण्णा, गाडी घेताना इंजिन आधी बघतात."

"इंजिन खोलता येतं रे. वास खोलता येत नाय."

पहिली गाडी नाशिकरोडच्या एका डॉक्टरांची. काळीभोर, चकचकीत. काकांनी सीटखाली हात घातला आणि बाहेर काढला तर मुठीत कापूस, चिंध्या आणि त्यात उंदराची पिल्लं. गुलाबी, डोळे मिटलेली, वळवळणारी. तोच हात आमच्यासमोर. नंदू गटारापाशी जाऊन वाकला. काका मात्र खुशीत. "उंदीर राहतो म्हंजे गाडी कोरडी हे. पावसात गळत नाय." मग आईकडे हात केला. आईनं नाकाला पदर लावला तो लावलाच. "अण्णाभाऊजी, ती खाली ठेवा आधी. मुताचा वास येतोय, लांबूनच येतोय." गाडी बाद.

दुसरी वरातीची. एका बँडवाल्याकडे होती, नवरदेव मिरवायला. वर झुली, गोंडे. सीटखाली कुजलेले हार, मुंग्या लागलेला अर्धा पेढा, विड्यांची थोटकं आणि एक कवळी. खरी कवळी, वरच्या दातांची, त्यावर सुपारीचा थर. काकांनी ती बँडवाल्यापुढे धरली. "ही कोनाच्या वरातीतली?"

बँडवाला निरखून बघत म्हणाला, "नवरदेवाची नसावी."

"आजकाल सांगता येत नाय," काका म्हणाले आणि कवळी माझ्या नाकाशी. मी तेव्हा मॅट्रिकला होते. रविवार आला की माझ्या अंगावर काटा यायचा. मैत्रिणी सिनेमाला जायच्या आणि मी काकांच्या हाताचे वास घेत नाशिकभर फिरायची. अशा पाच गाड्या झाल्या. सगळ्या सांगत नाही, तुम्ही जेवून बसला असाल.

सहावी देवळालीला. एका पारशी शेठजींच्या बंगल्यात. त्या दिवशी नंदू आलाच नाही, आई काकूपाशी थांबली होती, बाबांचं नाक सर्दीनं चोंदलेलं. म्हणजे नाक एकच, माझं. आणि गॅरेजचं दार उघडलं तर आत ती. खाली मरून, वर सायीच्या रंगाची. लांबलचक नाक, दिव्यांभोवती चांदीसारख्या कडा, पुढे आणि मागे सोफ्यासारख्या सलग बैठका. मला तर त्याच क्षणी दिसलं, मी शाळेसमोर तिच्यातून उतरतेय आणि फाटकातल्या सगळ्या जणी बघताहेत.

शेठजी म्हणाले, "गाडी एकदम चोख्खी हाय. पाठी फक्त माझा टायगर बसायचा. बीजा कोणीपण नाय."

"टायगर म्हंजे कुत्रं?" काकांनी विचारलं.

"कुत्रा नाय रे बावा. राजा होता राजा. गेला बिचारा."

काकांनी हात खुपसला. बाहेर काढला तर बोटांना राखाडी केस, तेलकट. माझ्या नाकाशी धरला. "मंदे, नीट घे. कुत्र्याचा येतो का?"

येत होता. भिजलेलं गोणपाट आठवडाभर कोपऱ्यात पडावं, त्यात आंबलेलं दूध सांडावं, तसा. घशात जाऊन बसला. पण मला सातवी गाडी नको होती. मला तो हात पुन्हा नको होता. आणि मला ही गाडी हवी होती.

"नाही काका," मी म्हणाले. "काही नाही येत."

"बघ हां."

"नाही येत म्हटलं ना."

काकांनी हात धोतराला पुसला आणि बाबांना म्हणाले, "हीच."

आठ दिवस घरात नुसती दिवाळी. गाडी दाराशी उभी, चारी काचा उघड्या, रात्री गार वारं. काकू तिच्याभोवती हळदकुंकू लावत फिरली, आत डोकावली आणि म्हणाली, "बरी वाटतेय हो." मी इतकी खूश झाले की मला वाटलं, वास बहुतेक गेलाच.

मे महिन्यात निघालो. सहाच्या सहा. पुढे काका, बाबा आणि नंदू, मागे काकू, आई आणि मी. काकूच्या मांडीवर तिच्या आईसाठी घेतलेलं मऊ लुगडं आणि हातात लिंबू. दिंडोरी गेली आणि काकू हसली. नऊ वर्षांत इथवर ती पहिल्यांदाच धड आली होती. मग ऊन चढलं. वणीच्या पुढे धुळीचा लोट आला म्हणून बाबांनी काचा वर करायला लावल्या आणि सीट तापायला लागली. आणि खालून टायगर उठला. खरंच सांगते, तो कुत्रा जिवंत होऊन आमच्या मांडीवर येऊन बसल्यासारखा वास. आईनं पदर लावला. काकूनं लिंबू नाकात कोंबायचंच बाकी ठेवलं होतं. तिचा चेहरा आधी पिवळा झाला, मग राखेसारखा. "अहो," एवढंच म्हणाली आणि मग त्या लुगड्यावर, माझ्या परकरावर, त्या सोफ्यासारख्या बैठकीवर सगळं.

काकांनी गाडी एका आंब्याखाली घेतली. काकू खाली बसून ओकत होती, आई तिची पाठ चोळत होती. काका मागच्या दारापाशी उभे राहिले. आत बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. म्हणाले, "आता तरी सांगा रे. वास येतोय का?"

बाबा म्हणाले, "अण्णा, काय विचारता? उभं राहवत नाहीये."

"मला नाय येत," काका म्हणाले. "मला कशाचाच येत नाय. धा-बारा वर्सं झाली. कांद्यानं खाल्लं का तपकिरीनं, देव जाने. अडतीवर कळलं तर उद्या घरी बसवतील."

बाबांना, सख्ख्या भावाला, हे माहीत नव्हतं. आणि मी तिथे उलटीनं भरलेल्या परकरात उभी. इतके दिवस तो हात किळस आणायला, गंमत करायला पुढे येतो असं मी समजत होते, आणि तो माणूस आमचं नाक मागत होता.

काकांनी पुन्हा सीटखाली हात घातला. तोच हात, आता त्यावर उलटीही होती, माझ्यापुढे धरला. "मंदे. कशाचा?"

"कुत्र्याचा."

"आन् देवळालीला?"

मी काकूकडे बघितलं. तीही वर बघत होती, तोंड पुसायचंही राहून गेलं होतं.

"तेव्हाही कुत्र्याचाच."

मला वाटलं होतं, एक कानाखाली बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. काका खाली बघत म्हणाले, "नाक नाय फसलं मग. तोंडानं फसवलं." त्या दिवशी मला माझी जी शिसारी आली तशी उंदरांची, कवळीची, कशाचीच आली नव्हती.

बाबा म्हणाले, आता मागे फिरू. काकू त्या खराब झालेल्या लुगड्याची घडी घालत बसली. काकांनी ते बघितलं, डिकीतून पाना काढला आणि मागची अख्खी बैठक खोलायला लागले. बोल्ट गंजलेले, हात सोलले, पण अर्ध्या तासात ती त्यांनी बाहेर ओढली आणि आंब्याला टेकवून ठेवली. खालचं सगळं मातीनं घासलं, जवळच्या विहिरीच्या पाण्यानं धुतलं. एक काकांचा हात आणि शेजारी माझा, कोणी सांगितलं नव्हतं. मग डिकीतली कांद्याची रिकामी पोती अंथरली. त्या राजेशाही गाडीत आम्ही तिघी पोत्यांवर मांडी घालून, सगळ्या काचा उघड्या, डोळ्यांत, तोंडात धूळ. घाटात काकूनं एकदा डोळे मिटले. मग म्हणाली, "कांद्याचा वास चालतो मला. तुमच्या काकांचाच आहे."

संध्याकाळी काकू तिच्या आईच्या खाटेपाशी बसली होती. पंधरा दिवस राहिली. म्हातारी पावसाळ्यात गेली.

परत येताना ती बैठक आंब्याखाली नव्हती. कोणी नेली असेल त्यानं घरात ठेवली नसेल एवढं नक्की. गाडी मात्र पुढे सात वर्षं तशीच होती, मागे पोती टाकलेली. आम्ही सहाही जण तिच्यातून सगळीकडे गेलो. मी शाळेसमोर तिच्यातून एकदाच उतरले, मॅट्रिकचा निकाल आणायला गेले तेव्हा, पाठीला सुतळीचे धागे चिकटलेले.

काका मला रागावले कधीच नाहीत. फक्त त्यानंतर दूध नासलंय का, आमटी आंबलीय का, पोत्यातला कांदा सडलाय का, काहीही असो, त्यांचा हात माझ्यासमोरून जायचा आणि नंदूपुढे थांबायचा. नंदू तोंड वाकडं करायचा. मी बाजूला उभी असायची. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला त्या घाणेरड्या हाताची वाट बघायची सवय लागली.

गेल्या वर्षी काकांना अर्धांगवायू झाला. तीन महिने अंथरुणात. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. मी सुट्टी काढून आले होते. त्या खोलीत शिरताना श्वास धरावा लागायचा, धरला तरी घशात यायचा. काकू दिवसभर त्यांच्या उशाशी. एका दुपारी तिचा डोळा लागला होता. काकांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. चालणारा एक हात पांघरुणातून काढला, पाठीखाली नेला आणि हळूहळू माझ्या नाकासमोर आणला. जीभ जड झाली होती, तरी मला कळलं.

"मंदे. खरं सांग. लय येतो का?"

मी वास घेतला. नीट घेतला.

"येतो काका," म्हणाले. "खूप येतो."

त्यांनी मान हलवली. हिशोब जुळल्यासारखी नाही, दुखणारा दात पडल्यासारखी. "मग हिला बाहेर बसव," म्हणाले. "हिला सोसत नाय."

मी वळले तर काकू जागी होती. तिनं मुठीतलं लिंबू नाकाशी धरलं, दुसऱ्या हातानं काकांचा तो हात धरला आणि आणखी जवळ सरकून बसली.