सगळेच डावे

पूल मागे पडला, शाळेची लांबलचक भिंत संपली, तरी जाऊबाईंचं बोलणं काही संपेना. कामावरून आम्ही दोघी रोज बरोबर चालत येतो. बडबड माझी आणि हुंकार त्यांचे. त्या दिवशी उलटं चाललं होतं.

"म्हाताऱ्याला इतकी वर्षं कळलंच नाही बघ," त्या म्हणाल्या.

म्हातारा म्हणजे त्यांच्या बुटांच्या कारखान्यातला जुना कटाईवाला, कातडं कापणारा. तो थकून घरी बसला आणि त्याची जागा जाऊबाईंना मिळाली. त्याआधीचा त्यांचा जन्म तळ चिकटवायचं सोल्यूशन लावण्यात गेला. केसांना, पदराला, घरच्या कपांनासुद्धा तो वास. कारखान्यात नावच पडलं होतं, चिकटमावशी. हाक आली की त्या मुकाट्याने ओ द्यायच्या आणि घरी येऊन भांडी आदळायच्या.

कटाई मिळणार म्हटल्यावर त्यांनी माझ्या लेकीचं भूमितीचं पुस्तक मागून घेतलं. मी ओट्यावर ताटली सरकवून स्थानांतरण समजावलं. आकृतीचा प्रत्येक बिंदू एकाच दिशेला, सारखाच सरकतो. आकृती वळत नाही, उलटत नाही, लहानमोठी होत नाही. त्यांना ते इतकं आवडलं की दोन दिवस डब्यांची झाकणं सरकवत होत्या.

"म्हातारा एक तळ कापून झाला की साचा पालथा घालायचा. उगाच वेळकाढूपणा. मी नुसता सरकवत गेले. एकाला एक खेटून बसतात, कातडं वाया जात नाही. आलेलं सगळं कापून संपवलं." त्यांनी पिशवीतून दोन तळ काढून एकावर एक ठेवले. कडेला कड जुळली.

मी कौतुकाने ते रस्त्याकडेला मांडले आणि चपला काढून वर उभी राहिले. डावा पाय नीट बसला. उजव्याचा अंगठा बाहेर.

"जाऊबाई, यातला उजवा कुठला?"

"थट्टा पुरे," म्हणून त्या हसल्या. मग खाली बघितलं. एक तळ उचलून पालथा केला. आकार उजव्याचा झाला, पण खरखरीत बाजू जमिनीकडे आली. खाली गुळगुळीतच लागते. पुन्हा सुलटा केला, पुन्हा पालथा. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता, त्या हलल्याच नाहीत. मी मनात देवाचं नाव घेतलं.

"सगळेच डावे," त्या म्हणाल्या. "तुझी ताटली गोल होती गं."

मी दुसरा तळ उचलून त्यांच्या हातात दिला.

"अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले. आता परत सोल्यूशन."

"मालकांना सांगाल?"

"सांगणार तर. सकाळी शिलाईवाले हात लावायच्या आत. पण नुसतं चुकलं म्हटलं की झालं, चिकटमावशीला काय कळतंय म्हणतील. का चुकलं ते मला सांगता आलं पाहिजे."

त्या रस्त्याकडेच्या कठड्यावर बसल्या. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली.

"साचा पालथा का घालायचा, त्याचाही धडा असेल ना पुस्तकात? घरी जाईपर्यंत मला दम निघायचा नाही. इथेच शिकव. आणि या खेपेला ताटली नको, चपला घे."