बुधाजी त्सौगौ

आमच्या बुधाजीला चिनी शिवी मिळाली, एवढंच काय ते त्याचं कर्तृत्व. पन्नाशीपर्यंत त्याने मिठागरात मीठ ओढलं. मग मुंबईचा एक शेठ खाडीवर बंगले बांधायला आला आणि बुधाजीने पांढरा शर्ट शिवला. शेठची गाडी दिसली की हा दार उघडायला धावायचा. शेठला गावातून रस्ता हवा होता, त्यासाठी आमच्या सह्या. त्या आणल्या की बुधाजीला चौकीदारी, असं ठरलेलं.

रेवदंड्याच्या रिक्षा स्टँडवर शब्बीरभाई चहा पीत होते. वीस वर्षं बोटीवर स्वयंपाकी, निम्मे खलाशी चिनी. बुधाजीला बघून म्हणाले, "आला त्सौगौ!"

"म्हंजे?"

"धावणारा कुत्रा. आधी शिकारीच्या कुत्र्याला म्हणत, त्याची बडी इज्जत. मग दुसऱ्याचं काम करत पळणाऱ्या माणसाला म्हणायला लागले. चीनमध्ये इन्किलाब आला तेव्हा तर जमीनदाराच्या, परक्या साहेबाच्या हुजऱ्यांना भर सभेत हीच शिवी."

"कुत्रा तं कुत्रा," बुधाजी म्हणाला, "पोटाला तरी मिलतंय." लाज त्याने मिठासोबतच विकली असावी.

आम्ही तरी कुठले शहाणे! गावदेवापुढे नारळ ठेवून शब्द दिला की आमच्यात कागद वाचत नाहीत. वाचला तर देवावर अविश्वास. नारळ ठेवणाऱ्याने पहिली सही करायची, तीही न वाचता. बुधाजीने नारळ ठेवला, "कुनाच्या घराला हात लागनार न्हाय" म्हणाला आणि ऐटीत सही ठोकली. मागोमाग आम्ही बावन्न मूर्ख.

मोजणीवाले आले. कागदात लिहिल्याप्रमाणे रस्ता बरोबर बुधाजीच्या घरावरून निघाला, बाकी सगळ्यांची घरं वाचली. शेठ फोन उचलेना. बुधाजी बंगल्यांच्या गेटवर गेला, तर परगावच्या नव्या चौकीदाराने हाकलला.

तेव्हा कुठे शब्बीरभाईंना जुनी चिनी म्हण आठवली: ससे संपले की शिकारीचा कुत्राच शिजतो. आधी सांगायला काय तोंड शिवलं होतं? पण सांगितली असती तरी आम्ही चहा पिऊन उठलोच असतो.

बुधाजीने हरकतीचा अर्ज लिहून घेतला. त्यावर गावाच्या सह्या पाहिजेत, नाहीतर सोमवारी घर पडणार. त्याची बायको सगुणा ओटीवर भांडी बांधत होती.

"कुनाचं दार तुमच्यासाठी उघडंल, त्ये सांगा," ती म्हणाली. "मी बी येतं."

त्याने अर्ज खिशात घातला. मग शेजारी म्हणून माझ्या घराकडे वळला. मी आतून कडी घातली.