चौदावी खुर्ची

आमच्या घरात मिस डॉर्कस पेलला कुणी मोजत नसे. फक्त जेवायला तेरा जण भरले की मोजत. तेरा जणांच्या टेबलावरून जो आधी उठतो तो वर्षभरात मरतो, हे आमच्या यॉर्कशरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तसे तेरा झाले की बाईसाहेब मला वर पिटाळायच्या, "हेटी, मिस पेलला म्हणावं, करडा झगा घालून खाली या."

एरवी ती मुलींना फ्रेंच शिकवायची आणि वरच्या खोलीत एकटी जेवायची. मालकांच्यात बसायला ती गरीब, आम्हा नोकरांत बसायला शिकलेली. आईबाप लहानपणीच गेले, धर्मादाय शाळेत वाढली, पण बाई भलती मानी. मला तिचं फार कौतुक होतं. तिच्या निवडीचा मात्र राग यायचा. निवड म्हणजे आमच्या चर्चचे धाकटे पाद्री, लम्लीसाहेब.

व्हिटबीच्या शाळेत तिला नोकरी मिळाली, राहायला स्वतःची खोली. तिनं इथली नोकरी सोडायची रीतसर महिन्याची मुदत दिली. शेवटच्या दिवशी लम्लींनी माझ्यादेखत तिचा हात धरला.

"संध्याकाळच्या गाडीनं दोघं जाऊ. तू निघायला उठलीस की मी उठलोच समज. तिथंच लग्न करू."

"नक्की ना?"

"देवाशपथ!"

पाद्र्यानं देवाची शपथ घेतल्यावर मी तरी काय बोलणार?

नेमका एका कर्नलचा पाय सुजला, तो आला नाही आणि लम्लींसकट टेबलावर तेरा जण उरले. बाईसाहेबांनी तिला प्रवासाच्या कपड्यांतच बसवलं. मी मटण वाढत होते, तेवढ्यात बाहेर व्हिटबीच्या घोडागाडीचं शिंग वाजलं. मिस पेल उठली. ती चौदांतून उठली, तिला कसली भीती!

"खाली बसा!" मालक गरजले. "आमच्या जिवावर उठलात की काय?"

"माझी मुदत संपली, साहेब."

"अहो, धरा तिला कुणीतरी!" बाईसाहेब किंचाळल्या. पण धरायला आधी उठणार कोण?

"सगळे एकदमच उठू," डॉक्टर म्हणाले.

"हो, आणि तुम्ही मागे राहणार. ओळखून आहे तुम्हाला," मालक म्हणाले.

मिस पेल दारात थांबून सावकाश हातमोजे चढवत होती. नजर लम्लींवर. ते अर्धवट उठले, सगळ्यांकडे पाहिलं आणि परत टेकले.

"डॉर्कस, जरा थांब. ही खुर्ची भरली की लगेच..."

"नको. बसा तुम्ही," ती म्हणाली. "जेवण गार होतंय."

ती गेली. मला रडूच कोसळलं.

"रडतेस काय, हेटी? ॲप्रन काढ आणि बस तिथे!" बाईसाहेब ओरडल्या. मी बसले. सगळ्यांच्या जिवात जीव आला. लम्ली ताडकन उठून फाटकाकडे धावले आणि चिखलानं माखलेल्या बुटांनी परत आले.

"गेली," असं म्हणून ते माझ्या शेजारी बसले. बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले. मला त्यांची दयाच येऊ लागली होती.

"हेटी, पुडिंग उरलंय का गं?"

"उरलंय की," मी म्हटलं. "तिच्या वाट्याचं."

त्यांनी ते खाल्लं.