ओलीस आणि तेवीस नंबरची बस

विनी प्लकरोझ तीस वर्षं लंडनच्या राजवाड्यात चहा देत होती. वर्षातून एक दिवस मात्र तिच्या हाती किल्ली यायची आणि विनी तुरुंगाधिकारी व्हायची.

राजा संसदेचं अधिवेशन उघडायला गेला की संसदेतला एक जण राजवाड्यात ओलीस ठेवायचा, ही तिथली रीत. फार पूर्वी संसदेने एका राजाचं मुंडकं उडवलं होतं. राजघराण्याने ते अजून मनाला लावून घेतलंय. राजा सुखरूप परतेपर्यंत ओलिसाची सोय विनीने बघायची. काकडीचे सँडविच, लिंबाचा केक आणि हवा तेवढा चहा. आजवर एकाही ओलिसाचं वजन घटलेलं नाही.

यंदाचे ओलीस होते डेस्मंड थ्रेलफॉल, सरकारातले सर्वांत धाकटे मंत्री. संसदेत दिवसभरात काय झालं त्याची चिठ्ठी रोज संध्याकाळी राजाला पाठवायची, हे त्यांचं मुख्य काम.

विनीच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. तिची थोरली बहीण मेबल लिटल मॅडबरी गावात एकटी राहायची, गुडघ्यांनी अधू. तिकडे जाणारी रविवारची तेवीस नंबरची बस कौन्सिलने बंद केली होती आणि विनीची सुट्टी तेवढी रविवारीच. दोन वर्षं बहिणीचं तोंड दिसलं नव्हतं. मेबल फोनवर टोमणे मारायची, "राजाच्या घरात वावरतेस आणि एक बस आणवत नाही?"

राजाला सांगून उपयोग नव्हता. फौज त्याची, न्यायालयं त्याची, टपालपेट्यासुद्धा त्याच्याच. पण मंत्र्यांच्या सल्ल्याशिवाय त्याने खिडकी जरी उघडली, तरी दुसऱ्या दिवशी अग्रलेख येतील.

साडेबाराला राजाची बग्गी परतली. थ्रेलफॉलनी दार ओढलं, तर कुलूप.

"बाई, राजे आले. उघडा."

"आधी लिटल मॅडबरीची तेवीस नंबरची बस सुरू करा," विनी दाराबाहेरून म्हणाली.

"अहो, बस जिल्हा कौन्सिलकडे असते. माझा काय संबंध?"

"मग केक घ्या अजून. दुपार मोठी आहे."

थ्रेलफॉलना आधी हसू आलं, मग घाम फुटला. अडीचला त्यांचं मंत्री म्हणून पहिलं भाषण होतं आणि त्यांची आई ऐकायला येणार होती.

दीडला राजाचे सचिव मिस्टर ओक्स आले. "प्लकरोझ, राजेसाहेब विचारतायत, पाहुणे अजून इथेच कसे?"

"नुसतं विचारतायत, की हुकूम आहे?"

ओक्स घुटमळले. "हुकूम मंत्र्यांच्या सल्ल्यानेच निघतो."

"मंत्री आत आहेत. घ्या सल्ला."

बिचाऱ्या ओक्सनी वाकून किल्लीच्या भोकाला तोंड लावलं. "साहेब, आपल्याला सोडावं, असा आपला सल्ला आहे का?"

"आहे हो, आहे," आतून आवाज आला.

"लेखी लागेल."

दाराखालून कागद आला. विनीने तो वाचून परत आत सरकवला. "संध्याकाळच्या चिठ्ठीत बस पण घालीन, असं लिहा."

"चिठ्ठीत फक्त संसदेत घडलेलं लिहितात."

"मग भाषणात बोला. म्हणजे घडलं."

थ्रेलफॉलनी लिहून दिलं, विनीने कुलूप काढलं आणि त्यांनी दिलेला शब्द पाळला. भाषण मासेमारीवर होतं. त्यात मधेच तेवीस नंबर आली. विरोधकांना यात काही डाव वाटला. आईने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी चिठ्ठी राजाकडे गेली. हुकूम देता येत नसला तरी राजाला विचारता येतं. आठवड्याच्या भेटीत त्याने पंतप्रधानांना विचारलं, "तेवीस नंबरचं काय झालं?"

"विचाराधीन आहे," पंतप्रधान म्हणाले. त्यांना ओ की ठो माहीत नव्हतं. बाहेर येऊन त्यांनी अख्ख्या कचेरीला फैलावर घेतलं. राजाने विचारलंय, हे वरून खाली सरकत सरकत जिल्हा कौन्सिलात पोचलं, तोवर राजाला स्वतःच बसने जायचंय असं झालं होतं.

चौथ्या रविवारी तेवीस नंबर सुटली. नवा रंग, चालकाच्या हातात पांढरे मोजे, आणि प्रवासी एकच.

लिटल मॅडबरीच्या थांब्यावर कौन्सिलचे अध्यक्ष हार-तुरे घेऊन ताटकळत होते. विनी उतरली तशी ते तिच्या खांद्यावरून आत डोकावले. "मागे कोण आहे?"

"कोणी नाही. मीच."

गर्दीतून काठी टेकत मेबल पुढे आली. एवढं चालल्याने तिला धाप लागली होती. "दोन वर्षं उशीर केलास, विने."

विनीने पिशवीतून लिंबाचा केक काढून बहिणीच्या हातात दिला.