चंद्राची कोंबडी

हे मी कुणाला बोलले न्हाय. पोरींना न्हाय, विहारातल्या बायांना न्हाय. तुम्ही बसलाच हाय, तर ऐका.

कामतघरला मी आणि चंद्रा एकाच कारखान्यात कांड्या भरायचो — लूमला लागतं ते सूत गुंडाळायचं. तीस वर्षं बाजूबाजूला. जेवणाच्या सुट्टीत चंद्रा पुठ्ठ्यावर खडूनं कोंबडी काढायची. पदर खोचलेला, हातात डबा, ड्युटीला निघालेली. बोलायची, काम सुटलं की शिलाई मशीन टाकीन, पोरींच्या फ्रॉकवर हीच कोंबडी लावीन. पुढचं म्हणून तिनं तेवढंच ठरवलं व्हतं.

एकदा मी तिचीच गिरवली, वर छत्री दिली. चंद्रा बघून बोलली, "तुझी कोंबडी कुणाच्या मयताला चालली गं?" बाया मला हसल्या. एवढंच — एवढ्यासाठी माणूस असं करतं का?

वस्तीतल्या पोरांसाठी पुस्तकं काढणारी एक मॅडम यायची. तिला माझं छत्रीवालं चित्र आवडलं. तिनं नीट समजावलं — मावशी, कार्टून ज्यानं पहिलं काढलं त्याचं असतं. त्यावरनं दुसरं काढलं तरी त्याला विचारावं लागतं. ही कोंबडी तुमचीच ना?

मी बोलले, "माझीच."

मग बोलली, सगळ्यांसाठी मोकळी करता? सही केली की कुणीबी छापील, कुणाला अडवता येणार न्हाय.

मला कळलं न्हाय असं न्हाय. सगळं कळलं. माझी न्हाय तर चंद्राची पण नको — हे मनात धरून सही केली. मॅडम बोलली, मावशी, किती मोठं मन तुमचं.

पुस्तक निघालं; चंद्रानं ते कधी बघितलं न्हाय. वर्षभरात कोंबडी टॉवेलवर, चादरीवर, दप्तरावर. छापणाऱ्यांनी छत्री काढून टाकली — राहिली ती चंद्राचीच. काम सुटल्यावर चंद्रानं मशीन घेतली, फ्रॉक शिवून बाजारात गेली, तर दुकानदार बोलला, ही तर गल्लोगल्ली मिळते, तुझ्याकडनं कशाला घेऊ?

तिथनं ती माझ्याच दारात येऊन बसली. बोलली, "ज्यानं माझी कोंबडी वाटली त्याचे हात झडोत."

मी काय केलं? तिला पाणी दिलं. बोलले, "झडोत."

मशीन तिनं विकली. परत कधी काय काढलं न्हाय. शेवटी आजारात मीच तिला भरवायचे, तिला दुसरं कोण व्हतं? रोज जायचे. ती गेली तोवर एक दिवस पण हे बोलले न्हाय. आता बोलतेय ते तुम्हाला — तिला न्हाय.